अळीचं ‘सूप’ आणि ‘कल्पनापेशीं’ची लढाई

एक मजकूर सध्या फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कोशात अळी पूर्ण विरघळते, तिचं सूप होतं. त्या सुपात ‘कल्पनापेशी’ अचानक उगवतात. अळीची प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू समजून मारते, तरी त्या वाढतच राहतात आणि शेवटी संख्येच्या जोरावर जिंकतात. हेतू धीर द्यायचा आहे हे कळतं, पण यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी सूप. आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर अळ्या येतात. लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारख्या, मग हिरव्यागार. शेवटची कात टाकून कोश झाला की त्याच दिवशी त्याची बाजू जवळून पाहा. पंखांची कड उमटलेली असते, मिशांचीही. सगळं विरघळून नव्यानं घडायचं असतं, तर पहिल्याच दिवशी पंख आले कुठून? कोश फुटला की पातळ द्रव गळतो हे खरं. पण ते रक्त, चरबी आणि मोडीत निघालेले स्नायू असतात. २०१३ मध्ये जिवंत कोशांचे एक्स-रे स्कॅन घेतले, तेव्हा श्वासनलिका आणि पचननलिका बदलताना दिसल्या, नाहीशा झालेल्या नाहीत.

त्या पेशी अचानक उगवतही नाहीत. ‘कल्पनापेशी’ हे ‘इमॅजिनल पेशीं’चं चुकीचं भाषांतर. ‘इमॅगो’ म्हणजे प्रौढ कीटक; इमॅजिनल पेशी म्हणजे प्रौढाच्या पेशी, कल्पनेशी त्यांचा संबंध नाही. डच शास्त्रज्ञ यान स्वामरडाम यांनी सतराव्या शतकातच अळी चिरून आतले पंख दाखवले होते.

प्रतिकारशक्तीचा हल्ला? रक्तातल्या भक्षक पेशी कोशात खातात ते मेलेल्या ऊतींचे तुकडे. पंखांच्या पेशी त्याच शरीरातल्या, त्याच अंड्यातून आलेल्या. त्यांना परकं कोण समजणार?

सगळ्यात मोठी चूक ‘वाढतच राहतात’ ही. फळमाशीचं उदाहरण घ्या. अंड्यात पहिल्या १३ फेऱ्या केंद्रकं जवळजवळ एकाच वेळी दुभागतात, मध्ये पेशीपटलच नसतं, आणि सगळा शिधा आईनं भरून ठेवलेला असतो. त्यानंतर हा वेग मोडतो. चौदाव्या फेरीपासून प्रत्येक गट आपापल्या वेळी विभागतो, कारण ‘स्ट्रिंग’ हे प्रथिन जिथे तयार होईल तिथेच विभाजन सुरू होतं. पुढे अळीच्या बहुतेक पेशी विभागणं सोडून नुसत्या फुगतात. लाळग्रंथीत एकेका पेशीत डीएनएच्या हजाराहून जास्त प्रती साठतात. पोटाच्या कातडीच्या भावी पेशी तर अळीचं सगळं आयुष्य गप्प बसतात आणि कोशात शिरल्यावरच झपाट्यानं विभागतात. पंखाची चकती, म्हणजे अळीच्या अंगातला ज्यातून पुढे पंख होतो तो पेशींचा चपटा पुंजका, मात्र काही डझन पेशींपासून हजारोंपर्यंत जाते, आणि थांबते.

हे थांबणं पाहण्यासारखं आहे. अपुरी वाढलेली चकती काढून प्रौढ माशीच्या पोटात ठेवली, तर ती नेहमीच्या आकाराला पोचून थांबते. चकतीच्या एका भागात विभाजन रोखलं, तर पेशी कमी पण मोठ्या होतात आणि त्या भागाचा आकार तोच राहतो. ‘हिप्पो’ नावाचं जनुक बिघडलं की हा लगाम सुटतो आणि ऊती बेसुमार वाढतात. संख्येच्या जोरावर जिंकणं म्हणतात ते हेच, आणि त्यातून धड पंख होत नाही.

चकतीला इजा झाली तर ती एक संदेश-प्रथिन रक्तात सोडते. त्यानं कोशाचं संप्रेरक, एक्डायसोन, लांबतं. दुरुस्तीला वेळ मिळावा म्हणून अख्खी अळी थांबून राहते.