दगड, कुंड आणि माकडटोपी

अष्टविनायकाची यात्रा दीड दिवसात उरकणाऱ्या बसने ज्याने एकदा प्रवास केला आहे, त्याला जगातली कुठलीही डे ट्रिप नवी नाही. आपल्याकडे 'चला, चला, दर्शन झालं की लगेच गाडीत' असं ओरडणारा माणूस असतो. तिकडे छत्री उंच धरलेली एक बाई असते आणि ती हेच इतक्या नम्रपणे सांगते की पोटात गोळा येतो.

एप्रिलमध्ये आम्ही दोघं लंडनला मुलीकडे गेलो होतो. म्हणजे दोघंच जाणार होतो, पण हिची ताई आणि साडूभाऊ 'तुम्ही जाताच आहात तर आम्हीही येतो, सोबत होईल' म्हणून चिंचवडहून निघाले. साडू हे नातंच विचित्र आहे. ना भाऊ, ना मित्र. एकाच घराने केलेल्या दोन निवडी, आणि त्यातली कुठली चुकली यावर आयुष्यभर न बोलता चाललेली चर्चा. आमचे साडूभाऊ कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. क्वालिटीचं मला माहीत नाही, कंट्रोल सुटलेला नाही.

सहल त्यांनीच निवडली. त्यासाठी एक तक्ता केला होता, त्यात 'दर स्थळी खर्च' असा रकाना होता. विंडसरचा किल्ला, स्टोनहेंज आणि बाथ अशी तीन ठिकाणं एका दिवसात घेतली तर हा आकडा सर्वांत कमी येत होता. ताईंनी 'मला गुडघे आहेत' एवढंच सांगून किल्ला पाडला. उरले स्टोनहेंजचे दगड आणि बाथचं कुंड.

निघायच्या दिवशी ही पहाटे चार वाजता उठून दशम्या करायला लागली. मुलगी झोपेत येऊन म्हणाली, "आई, तिथे सँडविच मिळतात गं."

"मिळू देत," ही म्हणाली आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणखी घट्ट दाबला.

मी माझी तपकिरी माकडटोपी घातली. तुळशीबागेत घेतलेली, लोकरीची, अकरा वर्षं जुनी. पुण्यात दिवाळीच्या पहाटे तिच्याशिवाय मी दाराबाहेर पाऊल टाकत नाही, तर इंग्लंडच्या एप्रिलला काय उघड्या डोक्याने सामोरा जाणार? मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज." मी ऐकलं नाही. टोपीत तसंही कमीच ऐकू येतं.

बस आठला म्हणजे आठला सुटली. एक जोडपं धावत येत होतं, त्यांच्याकडे बघत बघत सुटली. माझ्यातला पुणेकर सुखावला आणि पुढच्याच क्षणी घाबरला. गाईडबाईंनी माइक हातात घेऊन सांगितलं की बसमध्ये स्वच्छतागृह आहे, पण ते फक्त आणीबाणीसाठी. आणीबाणी म्हणजे काय हे आमच्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. चौघांनीही थर्मासचं झाकण परत लावलं.

लंडनपासून स्टोनहेंज सुमारे १४० किलोमीटर. निम्मा वेळ छान गेला, मग ए-३०३ नावाच्या रस्त्यावर बस उभी राहिली. हा रस्ता त्या दगडांच्या अगदी जवळून जातो, आणि तिथे आला की प्रत्येक गाडीवाला मान वळवून बघण्यासाठी वेग कमी करतो. मग मागे रांग. म्हणून तिथे जमिनीखालून बोगदा काढायचा अशी चर्चा वर्षानुवर्षं चालली, योजना झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०२४ मध्ये सरकारने ती रद्द केली. हे ऐकून परदेशात आल्यावर पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं.

तेवढ्यात खिडकीतून ते दिसलेच. सॅलिसबरीच्या हिरव्या माळावर राखाडी दातांसारखे. साडूभाऊ म्हणाले, "हे काय, दिसले की! फुकट! आता उतरायचं कशाला?" तक्त्यात हा पर्याय राहून गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

उतरलो तरी दगड नसतात. आधी दुकान असतं, कॅफे असतो, प्रदर्शन असतं. दगड तिथून जवळजवळ अडीच किलोमीटर लांब, आणि तिथे न्यायला आणखी एक बस. एक तास पन्नास मिनिटं मिळाली होती. त्यातली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, पंधरा दुसऱ्या बसच्या रांगेत. शेवटी पोहोचलो तर दगडांभोवती दोरी. गुडघ्याएवढीच उंच, लहान मूलही ओलांडेल अशी. पण कोणी ओलांडत नव्हतं, आणि मला त्या दगडांपेक्षा या गोष्टीचंच जास्त नवल वाटलं.

दगड मात्र थोर आहेत. साडेचार हजार वर्षांपूर्वी उभे केलेले, मोठे सरासरी २५ टनांचे. आतले छोटे, निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली डोंगरांतून आणलेले, सुमारे २४० किलोमीटरवरून. म्हणजे पुण्याहून कोल्हापूरला जाण्याइतकं, आणि चाक नसताना. त्यातही मधला आडवा पडलेला दगड वेल्सचासुद्धा नाही, थेट स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाकडचा, असं २०२४ मध्ये कळलं. म्हणजे सातशे किलोमीटरहून जास्त. सहा टनांचा दगड पुण्याहून नागपूरला न्यायचा, आणि का नेला ते कुठेही लिहून ठेवायचं नाही!

"आपल्या पाताळेश्वराला एकही दगड आणावा लागला नाही," ताई म्हणाल्या. "होता तोच खोदला." आठव्या शतकातल्या कारागिरांची अशी बाजू घेणाऱ्या ताईंनी पाताळेश्वर जंगली महाराज रस्त्यावरून, रिक्षातून पाहिलेलं आहे.

मला स्वतःला दगडांपेक्षा त्यांचा व्यवहार भावला. १९१५ साली हे सगळं चक्क लिलावात निघालं. सेसिल चब नावाच्या स्थानिक वकिलाने ६,६०० पौंडांना घेतलं. असं सांगतात की तो गेला होता जेवणाच्या खुर्च्या घ्यायला. भाजी आणायला पाठवलेला नवरा पुस्तकं घेऊन येतो तेव्हा घरी काय होतं ते मला माहीत आहे. हा तर ऐंशीएक दगड घेऊन आला. तीन वर्षांनी त्याने ते देशाला देऊन टाकले, त्यात आसपासच्या रहिवाशांना प्रवेश फुकट असावा अशी अट घालून. पुण्यात जन्मला असता तर त्याने वेळही घातली असती: दुपारी एक ते चार दगड बंद.

आणखी एक. त्यातले काही दगड १७९७ मध्ये पडले होते. ते क्रेनने परत उभे केले १९५८ मध्ये. एकशे एकसष्ट वर्षं! आमच्या सोसायटीचा पुनर्विकास तेरा वर्षं रखडला म्हणून मी दर सभेत चिडतो. आता चिडणार नाही.

मग फोटो. "ती माकडटोपी काढा आधी," ही म्हणाली. "एवढ्या पुरातन दगडांपुढे शोभत नाही." खरं तर त्या देखाव्यात टोपीच सर्वांत योग्य होती, पण मी काढली. काढून कुणाच्या हातात दिली, बाकावर ठेवली की पिशवीत टाकली, हे आजही शपथेवर सांगता येणार नाही. साडूभाऊ फोटो काढत होते. त्यांच्या खांद्यावर ताईंची पर्स, हातावर हिचा कोट, गळ्यात दुर्बीण. एवढा लवाजमा सांभाळून त्यांनी आमचे अकरा फोटो काढले, सगळ्यांत दगड सरळ आणि आम्ही तिरके.

"आठ मिनिटं!" असं कुणीतरी ओरडलं आणि आम्ही पळालो. परतीच्या छोट्या बसमध्ये डोक्याला हात लावला. टोपी नाही.

माणसाला वस्तू हरवल्याचं दुःख वेगळं आणि वेळेअभावी शोधता येत नाही याचं वेगळं. घरी असतो तर सोसायटीच्या फलकावर सूचना लावली असती. इथे छत्रीवाली बाई घड्याळ बघत उभी. मी बसमध्ये सगळ्यांच्या डोक्यांकडे संशयाने पाहिलं. शाळेची एक सहल होती, तीन-चार टवाळ मुलं होती. दगडांवर बसलेले कावळ्यासारखे पक्षीही मी हिशेबात धरले. कानात वारं शिरणं हा वाक्प्रचार शाळेत वासरांच्या संदर्भात शिकलो होतो. सॅलिसबरीच्या माळावर तो स्वतः भोगला. "कशाला एवढं? अकरा वर्षांची तर होती," साडूभाऊ म्हणाले. अकरा वर्षांचं काही हरवलं की असं बोलतात का?

दशम्या बसमध्ये खाल्ल्या. वास सुटला तशी पुढच्या रांगेतली जपानी आजी दोनदा मागे वळली. हिने तिला अर्धी दिली, तिने डोळे मिटून खाल्ली. सगळ्या सहलीत दोन संस्कृतींचा संगम म्हणावा असा हा एकच क्षण.

बाथ हे गाव अंगावर यावं इतकं सुंदर आहे. सगळी घरं एकाच मधाळ रंगाच्या दगडाची. पण आम्हाला दीड तास होता, म्हणून सुंदर गावातून आम्ही मान खाली घालून, बाईंच्या छत्रीमागे धावत गेलो. गावाची दंतकथा ऐकताना मात्र पाय थबकले. ब्लॅडड नावाचा राजपुत्र होता, त्याला कुष्ठरोग झाला, राज्यातून घालवला, तो डुकरं राखू लागला, इथल्या गरम चिखलात डुकरं बरी झाली म्हणून तो लोळला आणि बरा झाला. हे आपल्याकडच्या कुठल्याही तीर्थाच्या माहात्म्यात जसंच्या तसं सापडेल. फक्त डुकरांच्या जागी गाय.

कुंडातलं पाणी ४६ अंशांचं, वाफा निघतात. रोज ११ लाख ७० हजार लिटर येतं. साडूभाऊंनी तिथल्या तिथे हिशेब केला: "दहा हजार लिटरचा टँकर धरा. रोजचे एकशे सतरा टँकर! गरम! आणि आंघोळ कोणी करत नाही!" खरंच करत नाही. रोमनांनी इसवी सन ७० च्या सुमारास बांधायला घेतलेल्या या स्नानगृहात आता पाण्याला बोटही लावायचं नाही, तशी पाटी आहे. पाणी शेवाळाने हिरवंगार. रोमनांच्या वेळी वर छप्पर होतं, ऊन पडत नव्हतं, म्हणून शेवाळ नव्हतं. "पालीजवळ उन्हेऱ्याला जा," ताई म्हणाल्या. "गरम पाणी आणि आत उतरायचं." शेवटी एका नळाशी ते पाणी प्यायला मिळतं, शुद्ध केलेलं, त्रेचाळीस खनिजांचं. चव लोखंडी बादलीत विसरलेल्या कोमट पाण्याची. तिकिटातच आहे म्हणून साडूभाऊ तीन पेले प्यायले. हे मी मुद्दाम नोंदवतो आहे, पुढे आणीबाणी येते.

पण मला बाथमध्ये जे मिळालं ते दुसऱ्याच एका काचेच्या कपाटात. शिशाचे लहान लहान पत्रे, वर किरटी अक्षरं. सुमारे एकशे तीस सापडलेत. स्नानाला आलेल्यांच्या वस्तू चोरीला जात, तेव्हा लोक सुलीस मिनर्व्हा देवीला तक्रार लिहीत, पत्रा गुंडाळून पाण्यात टाकत. डोसिलिआनसचा झगा गेला. त्याने लिहिलंय की ज्याने नेला तो पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा स्वतंत्र, झगा देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप लागू नये, मूलबाळ होऊ नये. डोसिमेडिसचे दोन हातमोजे गेले. चोराची बुद्धी आणि डोळे जावेत अशी त्याची मागणी. दोन हातमोज्यांसाठी! मी काचेला नाक लावून उभा राहिलो. हे लोक मला परके नव्हते. आपण पाटी लावतो ती शेजाऱ्याने वाचावी म्हणून. यांनी मधला शेजारी वगळून थेट वरिष्ठ कार्यालयात अर्ज केला होता. काहींनी तर अक्षरं उलटी लिहिलीत, म्हणजे देवीशिवाय कुणाला वाचता येऊ नयेत.

बस सुटायला अकरा मिनिटं होती. खिशात कॉफीचं बिल होतं. मागे लिहिलं:

"श्री सुलीस मिनर्व्हा देवीस सा. न. वि. वि. आज रोजी स्टोनहेंज येथे अर्जदाराची एक माकडटोपी (तपकिरी, लोकरीची, तुळशीबाग) गहाळ झाली. ज्या इसमाने ती नेली, मग तो पुरुष असो वा स्त्री, देशी असो वा परदेशी, त्याचे डोळे जावेत. बुद्धी जाऊ नये, कारण ती असती तर ही टोपी नेली नसती. कळावे."

पाण्यात कागद टाकू नये एवढं मुठेकाठी राहून कळलेलं आहे. तिथेच देवीचं सोनेरी मुलामा दिलेलं ब्राँझचं मस्तक ठेवलंय, १७२७ मध्ये गटार खणताना सापडलेलं. त्याच्यासमोर चिठ्ठी क्षणभर धरली, पोच मिळाली असं समजलो आणि धावत सुटलो.

परतीच्या तीन तासांबद्दल फार लिहीत नाही. तीन पेल्यांनी वाटेतलं रीडिंग गाव यायच्या आधी आपलं काम केलं आणि साडूभाऊ आणीबाणीत गेले. लंडन आलं तेव्हा ते बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडूभाऊ काळा गॉगल लावून चहाला आले. गॉगल काढला तर दोन्ही डोळे लालबुंद, चिकटलेले. मुलगी म्हणाली, "काका, डोळे आलेत तुमचे. टॉवेल वेगळा ठेवा." ताई रुमाल शोधायला त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घालत होत्या. हात बाहेर आला तो तपकिरी लोकर घेऊन.

"ही होय!" साडूभाऊ एक डोळा किलकिला करत म्हणाले. "फोटोच्या वेळी तुम्हीच तर दिलीत धरायला."

मी आतल्या खोलीत जाऊन चिठ्ठी काढून पाहिली. 'डोळे जावेत' असंच लिहिलं होतं, स्वच्छ अक्षरात. जावेत म्हटलं, तर आले. देवीला उलटं वाचायची सवय.