साय गाईची की म्हशीची?

स्वयंपाकघरातल्या कपाटांना क्रीम रंग द्यायचा, यावर आमच्या घरात चक्क एकमत झालं. आमच्याकडे एकमत होतं तेव्हा प्रत्येकाने काहीतरी वेगळं ऐकलेलं असतं.

आमचं डोंबिवलीतलं स्वयंपाकघर म्हणजे ओट्यापाशी एक माणूस उभं असेल तर दुसऱ्याने फ्रिज उघडायचा नाही, असा कारभार. ओट्याच्या वर चार शटरं, खाली तीन, आणि सिलिंडरपुढे एक दार, जे स्वतःच्या मर्जीने मिटतं. एवढ्याशा जागेत गडद रंग दिला तर कपाटं अंगावर येतात, म्हणून क्रीम. लेकीने मोबाइलवरून माहिती काढली की प्रत्येक रंग किती उजेड परत फेकतो त्याला 0 ते 100 मार्क असतात, काळ्याला शून्य, निखळ पांढऱ्याला शंभर. दहावीनंतर या घरात मार्कांवरून पुन्हा चर्चा सुरू झाली ती तेव्हा.

दुकानदाराने शेडकार्ड उलगडलं आणि विचारलं, ‘‘क्रीममध्ये कोणता?’’ मला वाटलं होतं, क्रीम हेच उत्तर आहे. त्या कार्डावर आयव्हरी होता, व्हॅनिला होता, बटरमिल्क होता, लिनन होता; नुसता क्रीम कुठेच नव्हता. शेजारशेजारच्या दोन चौकोनांत फरक काय, हे मी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. फरक नावात होता.

‘‘मला सायीचा रंग हवा,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘गाईच्या की म्हशीच्या?’’ नवऱ्याने विचारलं. त्याने हा विनोद केला होता. पण सासूबाई कोल्हापूरच्या, म्हशीच्या धारोष्ण दुधावर वाढलेल्या. माझं माहेर गुहागरकडचं, दारात गाय. गाईच्या दुधात चाऱ्यातलं कॅरोटीन उतरतं, म्हणून तिची साय पिवळसर. म्हैस तेच कॅरोटीन जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिची साय पांढरीशुभ्र. इतकी वर्षं एका घरात, एका ओट्यावर आम्ही ‘सायीचा रंग’ म्हणत होतो आणि आमच्या डोळ्यांपुढे दोन वेगळी जनावरं उभी होती.

‘‘मग सरळ पांढरा द्या ना,’’ नवरा म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

शेवटी सहा छटा निवडून नमुने घेतले. पेंटरमामा अनुभवी, ते म्हणाले, ‘‘वहिनी, शटरवर नका फासू, प्लायच्या तुकड्यांवर लावा आणि ते फिरवून बघा.’’ मग आमचा फिरता प्रयोग सुरू झाला. सकाळी खिडकीपाशी ठेवले तर सगळे क्रीम हिरवट. का, तर समोरच्या विंगेला सोसायटीने पिस्ता रंग दिलाय आणि आमच्या स्वयंपाकघरात येणारा उजेड आधी त्या भिंतीला भेटून येतो. संध्याकाळी ट्यूब लावली की तेच तुकडे आजारी दिसायचे, कारण ती 6500 केल्विनची, निळसर. हॉलमधल्या सीलिंगचे दिवे 3000 केल्विनचे, पिवळसर, त्यांच्याखाली प्रत्येक तुकडा असा काही उजळायचा की आम्ही एकदा हॉलमध्येच रंग पक्का करून टाकला. मग लेक म्हणाली, ‘‘आई, कपाटं हॉलमध्ये नाहीयेत.’’

त्यात आमच्या टाइल्स. बिल्डरने लावलेल्या पांढऱ्या. त्या निळसर पांढऱ्या आहेत हे मला क्रीमचा तुकडा टेकवेपर्यंत ठाऊक नव्हतं. जो तुकडा काळ्या ग्रॅनाइटवर दुधासारखा वाटत होता, तोच टाइलला चिकटवला की वरणासारखा पिवळा. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायचे चित्रपडदे विणत, शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हतीच. शेजारचे रंगच त्या काळ्याची रया घालवत होते. 1839 मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. मी ही हकीकत जेवताना सांगितली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘शेजारी वाईट असला की असंच होतं,’’ आणि त्यांनी पिस्ता विंगेकडे पाहिलं.

पेंटरमामांना या कशात रस नव्हता. त्यांचं दुःख वेगळंच होतं. चिमणीच्या बाजूच्या शटरवर फोडणीचा जो राप बसलाय, तो निघाल्याशिवाय कुठलाच रंग धरणार नाही, हे ते रोज येऊन सांगायचे. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून त्यांनी एक कोपरा घासला. फडकं मधासारखं चिकट झालं आणि खालून असा रंग निघाला की आम्ही सगळे गप्प झालो. तो सुंदर क्रीम होता! अगदी हवा तसा. ‘‘हाच द्या,’’ मी म्हटलं. मामांनी शटर उघडून आतली बाजू दाखवली. ती गर्द पिवळी. ‘‘ऑइलपेंट अंधारात पिवळा पडतो वहिनी. आत हा रंग, बाहेर तो. आता यातला कुठला देऊ?’’ म्हणून या वेळी पाण्यातला इनॅमल घ्यायचं ठरलं. तो ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की जरा गडद होतो, म्हणजे पुन्हा मत द्यायच्या आधी वाळेपर्यंत थांबायचं. आमच्या घरात मत द्यायला थांबणं हे कोणालाच जमत नाही. नवऱ्याने तर ओल्या तुकड्याला पाठिंबा देऊन वाळल्यावर तो काढून घेतला.

निकाल लावला सासूबाईंनी. एका दुपारी मी बाहेरून आले तर सहाही तुकडे ओट्यावर ओळीत आणि प्रत्येकाच्या मधोमध हळदीचं एकेक बोट. ‘‘रंग कसा दिसतो ते नंतर. रोज काय पडणार आहे ते आधी बघा.’’ मॅट तुकड्यांनी हळद पिऊन टाकली होती. एक तुकडा मी साबणाच्या फडक्याने पुसायला गेले तर पिवळा ठसा लालभडक झाला, जणू तुकड्याची पूजाच मांडलीय. हळदीचा डाग उन्हात उडतो हे आम्हा दोघींनाही माहीत, पण शटरं काही गच्चीवर वाळत घालता येत नाहीत. सॅटिन फिनिशच्या तुकड्यावरून मात्र डाग बराचसा निघाला, आणि उरला तो त्या छटेत दिसेना. तो होता गाईकडे झुकणारा. सासूबाईंनी एवढंच म्हटलं, ‘‘साय तुमच्याकडची जिंकली.’’

दुकानात पैसे भरले. नवऱ्याने बिल हातात घेतलं आणि तो थबकला. बिलावर छापलं होतं: व्हाइट बेस, एक लिटर. ‘‘मी पहिल्या दिवसापासून काय म्हणत होतो?’’ त्याने ते बिल घडी घालून पाकिटात ठेवलं. असे कागद तो जपून ठेवतो.

दुकानदाराने डबा यंत्राखाली सरकवला, संगणकावर नंबर टाकला. नळीतून पिवळ्याची बारीक धार पडली, मग तांबड्याचे चार थेंब. आणि मग एक काळा ठिपका.

‘‘अहो, काळा कशाला घालताय?’’ सासूबाई काउंटरवर वाकल्या.

‘‘आजी, लागतो. नाहीतर फार भडक दिसेल.’’

सासूबाईंनी डब्यातल्या पांढऱ्यावर बसलेला तो ठिपका नीट निरखला. ‘‘तीट होय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग असू दे.’’