मला काय ठाऊक, साहेब?

दुसऱ्याची पिशवी नेण्याची कला सीमाभागातल्या माणसाला शिकवावी लागत नाही. तुम्ही कोल्हापूरला निघालात की बेळगावच्या स्टँडवर ओळखीच्याच्या ओळखीचा कुणीतरी पुढं सरसावतोच. ‘काका, जाताय न्हवं? एवढं कुंद्याच्या मिठाईचं बॉक्स आमच्या पावण्यास्नी द्या की. स्टँडवर घ्यायला येतील.’ तुम्ही घेता. उघडून बघत नाही, पाहुण्याचं नावही धड विचारत नाही. ही सवय अजिबात मोडू नका. बॉक्समधून कुंद्याऐवजी गांजा निघाला तर पुढं कसं वागायचं, तेवढं फक्त समजून घ्या.

पहिली गोष्ट, १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा तुमच्या बुद्धीचा भलताच आदर करतो. घरचे म्हणतात, ह्याला काही कळत नाही. कायदा म्हणतो, ह्याला सगळं ठाऊक होतं. एरवी आरोपीच्या मनात काय होतं हे सरकारनं शाबीत करायचं असतं. इथं कलम ३५ नुसार ते गृहीतच धरलं जातं, आणि ठाऊक नव्हतं हे तुम्ही शाबीत करायचं. तेही वाजवी संशयाला जागा न ठेवता. ‘बहुधा खरं बोलत असावा’ एवढ्यावर जागेच्या दाव्यात निभावेल, इथं नाही. जोडीला कलम ५४ आहे: माल ताब्यात सापडला आणि समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा तुमचाच. तेव्हा न कळल्याचे पुरावे आजपासून जमवायला लागा. रोज सकाळी आंघोळ करून, आज आपल्याला काय काय ठाऊक नाही याची यादी करावी आणि नोटरीचा शिक्का मारून घ्यावा.

‘मी नुसता बसलो होतो’ ही सबब हलकी समजू नका. पंजाबात ट्रकमधल्या अफूच्या बोंडांच्या भुशाच्या गोण्यांवर बसलेली माणसं पकडली गेली होती. २००२ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. गोणीवर बसला म्हणून माल त्याच्या ताब्यात होता असं होत नाही. लगेच पुढच्या वर्षी हिमाचलचा खटला आला. चरस सापडलेल्या मोटारीतले सगळेच्या सगळे दोषी ठरले. यावरून गोणीवर बसावं, सीटवर बसू नये, असा निष्कर्ष काढणारे विद्वान आपल्या खडेबाजारात सापडतील. कोर्टानं मात्र वेगळंच पाहिलं होतं: गाडी खासगी, माणसं एकमेकांच्या ओळखीची, आणि एकत्र कशी निघाली याचा खुलासा कुणाकडेच नाही.

म्हणजे मन कुणी उघडून बघत नाही, वागणं बघतात. म्हणून कोगनोळीच्या नाक्यावर बॅटरीचा उजेड पडला तर उसात पळू नका. लघवीला गेलो होतो म्हणाल. पण चप्पल रस्त्यावर टाकून, रात्री अडीचला, उसात आतवर? भाडं घेतानाही भान ठेवा. कोबीच्या पोत्यांना कुणी चौपट भाडं देऊ लागलं तर खुशाल घ्या, पण मग सरकारी वकिलानं बाजार समितीतला कोबीचा भाव विचारला की चेहरा भोळा ठेवण्याचा सराव हवा.

आता जरा पोलिसांची बाजू, कारण न कळण्यात तेही काही कमी नाहीत. कलम ३५ आणि ५४ मधलं ते गृहीतक आपोआप लागू होत नाही. माल खरोखर तुमच्याकडेच सापडला हा पाया आधी सरकारनं घालायचा, असं २००८ साली सुप्रीम कोर्टानं बजावलं आहे. त्या खटल्यातला आरोपी अफगाण होता, अमृतसरच्या विमानतळावर द्राक्षांच्या खोक्यासह धरलेला. पाया म्हणजे खबर लिहून ठेवणं, अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा हक्क सांगणं, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढणं, सील, आणि पंच.

पंच कुठून येतो? समोरच्या चहाच्या गाड्यावरून. हातात अजून किटली असते. पंचनामा कानडीत, पोरगा मराठी चौथीपर्यंत शिकलेला.

‘हितं कर सही.’

‘काय लिवलंय साहेब?’

‘तुझं नाव लिवलंय.’

नाव लिहिलंय म्हटल्यावर तो करतो. दोन-तीन वर्षांनी साक्षीला उभा राहतो आणि शपथेवर सांगतो, मी चार कटिंग द्यायला गेलो होतो, पोतं बघितलं न्हाई. पंच फितूर! सगळ्या खटल्यात खरोखरच काही ठाऊक नसलेला हा एकटाच, आणि त्याच्यावरच कुणाचा विश्वास बसत नाही.

पण न कळण्यातलं खरं सुख हवं असेल तर वाचकहो, पोत्यावर बसू नका आणि स्टिअरिंगवरही बसू नका. टेम्पोचे मालक व्हा. या धंद्यात ज्ञान उतारावर वाहतं. सगळं साचतं ते क्लीनरच्या डोक्यात. मालकाला टेम्पो कुठं गेला ठाऊक नसतं, काय भरलं ठाऊक नसतं, फक्त डिझेलचा हिशोब पैशापैशाला ठाऊक असतो. कायदा त्यालाही सोडत नाही म्हणा. जाणूनबुजून गाडी वापरू दिली तर कलम २५ आहे, आणि गाडी जप्तीतून वाचवायची तर कलम ६० खाली, माझ्या माहितीशिवाय आणि संगनमताशिवाय ती वापरली गेली, हे त्यालाही शाबीत करावं लागतं. पण ते शाबीत करायला वकील लागतो, आणि वकिलाला फी लागते. इथं क्लीनर मागं पडतो.

गांजा २० किलोच्या वर भरला की व्यापारी प्रमाण. शिक्षा किमान १० वर्षं, आणि जामिनासाठी हा माणूस दोषी नसावा असं मानायला कारण आहे, अशी कोर्टाची आधी खात्री पटावी लागते. क्लीनर पोरगा हिंडलग्याच्या तुरुंगात बसतो. टेम्पोचं तसं नाही. ठाण्याच्या आवारात ऊन-पावसात गाडी सडवून कुणाचंच भलं होत नाही, गाडी तात्पुरती सोडायला कायद्याची आडकाठी नाही, असं २०२५ च्या जानेवारीत आसामच्या एका ट्रकबाबत सुप्रीम कोर्टानंच सांगितलं. योग्यच आहे. पोराचे टायर थोडेच खराब होतात?

तेव्हा टेम्पो घरी आला की धुऊन घ्या, लिंबू-मिरची बांधा, नवा क्लीनर ठेवा. जुन्याची आई दारात आली तर ‘मावशी, मला काय ठाऊक?’ म्हणा. एव्हाना सराव झालेला असेल. त्याचा दोन महिन्यांचा पगार राहिलाय म्हणाली, तर तोही ठाऊक नसू द्या.