महामार्गाची वाट
रुंदीकरणाचा फलक लागला तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन तो आदराने वाचला. काम १८ महिन्यांचं होतं. खाली 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' असंही लिहिलं होतं. कुणी क्षमा मागितली की मी विरघळतो. पहिल्याच आठवड्यात पस्तीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला, तेव्हा पुन्हा घट्ट झालो.

उपाय सोपा होता. पंधरा मिनिटं लवकर निघायचं. पण हा उपाय रस्त्यावरच्या प्रत्येकाला त्याच रात्री सुचला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मिळून पंधरा मिनिटं आधी अडकलो. मग मी अर्धा तास आधी निघालो. तेही निघाले. महिनाअखेर मी इतक्या पहाटे घराबाहेर पडू लागलो की शेजारचे काका विचारायचे, "काय, गावाला?"

संध्याकाळी घरून फोन यायचा.

"कुठे आहेस?"

"रोलरपाशी."

"रोलरपाशी तर काल होतास."

"काल अलीकडे होतो. आज पलीकडे आहे."

हा रोलर एका जागी इतके दिवस उभा होता की आमच्या घरात तो अंतर मोजायचं माप झाला. आमटी गरम करायला ठेवायची ती रोलर ओलांडल्याचा निरोप आल्यावरच.

मग मी चोरवाट शोधली. गोदामांच्या मागून, एका गाडीपुरती, दोन ठिकाणी कुत्र्यांची परवानगी घेऊन जाणारी. चार दिवस मी राजा होतो. पाचव्या दिवशी राहवलं नाही आणि ऑफिसात एकालाच, तोही कमी बोलणारा म्हणून, सांगितलं. सोमवारी चोरवाटेवर मी त्याच्या मागे सतरावा होतो.

पण माणसाची खरी परीक्षा दोन रांगांची एक होते तिथे. मी संस्कारी असल्यामुळे 'पुढे रस्ता अरुंद' ही पाटी दिसताच, अर्धा किलोमीटर आधीच, गुमान एका रांगेत शिरायचो. आणि शेजारच्या मोकळ्या रांगेतून सुसाट जाऊन अगदी तोंडाशी घुसणाऱ्यांकडे असं बघायचो की त्यांच्या सात पिढ्यांना लाज वाटावी. (त्यांच्या काचा काळ्या असत. पिढ्या वाचल्या.) पुढच्याच्या बंपरला बंपर चिकटवून मी कितीतरी जणांना आत येऊ दिलं नाही. ते माझं समाजकार्य होतं. नंतर वाचनात आलं की गर्दी तुंबलेली असताना दोन्ही रांगा शेवटपर्यंत वापराव्यात आणि तोंडाशी एकाआड एक, चेनच्या दातांसारखं शिरावं, असं वाहतुकीचे जाणकारच सांगतात. मला ते अजिबात पटलं नाही. मग एके दिवशी मला मीटिंगला उशीर झाला आणि त्या दिवशी एकदम पटलं. तोंडाशी पोचलो, तर बंपरला बंपर लावून मला अडवणारा माणूस इतक्या तुच्छतेने बघत होता की क्षणभर आरशात बघतोय असंच वाटलं.

तो निळ्या गाडीवाला. आमची ओळख तिथली. मी मिनिटामिनिटाला रांग बदलायचो, तो एकदाही नाही, आणि रोलरपाशी आम्ही पुन्हा शेजारी शेजारी. १९९९ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात रेडलमायर आणि टिबशिरानी या दोघा संशोधकांनी याचा उलगडा केला होता. दोन्ही रांगांचा सरासरी वेग सारखा असला तरी शेजारची पुढे जातेय असंच वाटतं. आपण इतरांना मागे टाकतो ते झटक्यात, आणि ते दिसेनासेही होतात. आपल्याला मागे टाकणारे मात्र सावकाश, एकेक करून जातात आणि नंतर बराच वेळ डोळ्यांसमोर राहतात. वाचून समाधान झालं. रांग बदलणं थांबलं नाही.

जुलै २०११ मध्ये लॉस एंजेलिसचा ४०५ महामार्ग पुलाच्या कामासाठी शनिवार-रविवार बंद होता. प्रलय येणार अशी इतकी हवा झाली की लोक घरीच बसले आणि रस्ते ओस पडले. एका विमान कंपनीने तर शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला विमान सोडलं. सायकलवाल्यांच्या एका टोळीने पैज लावली आणि विमानतळावरचे सोपस्कार धरून विमानाला हरवलं. ते वाचून मी उत्साहाने माळ्यावरून सायकल काढली. तिच्या टायरांची अवस्था पाहून सन्मानाने परत ठेवली.

अठराचे सव्वीस महिने झाले आणि एका सकाळी रस्ता खुला झाला. रुंद, काळाकुळकुळीत, पट्टे नुकते मारलेले. रोलर नव्हता. पोटात कसंतरी झालं.

लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप होता. नाइलाजाने लोकांनी दुसऱ्या वाटा धरल्या, आणि संप मिटल्यावरही साधारण वीसातला एक जण नव्या वाटेनेच जात राहिला, कारण ती जुनीपेक्षा बरी निघाली होती. माझ्या चोरवाटेत बरं असं काहीच नव्हतं. खड्डे होते, कुत्री होती. तरी हाताने आपोआप डावा इंडिकेटर दिला आणि गाडी गोदामांकडे वळली.

आरशात पाहिलं. मागे निळी गाडी, तिचाही डावा इंडिकेटर चालू. तिच्या मागे आणखी अकरा.