खुलासा : मार्कीविच निवडून आल्या, पण ब्रिटिश संसदेत बसल्या नाहीत

“ब्रिटिश संसदेत बसणारी पहिली स्त्री” म्हणून आयरिश स्वातंत्र्यसेनानी कॉन्स्टन्स मार्कीविच यांचा फोटो असलेला मेसेज फिरतो आहे. निवडून आलेल्या पहिल्या स्त्री त्याच, यात शंका नाही. संसदेत त्या बसल्या मात्र कधीच नाहीत.

१९१६च्या ईस्टर उठावात, म्हणजे आयर्लंडमधल्या ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या सशस्त्र बंडात, डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीनमध्ये त्या हातात शस्त्र घेऊन लढल्या. फाशीची शिक्षा झाली, ती केवळ स्त्री म्हणून जन्मठेपेत बदलली. १९१७मध्ये सुटका झाली, पण पुढच्याच वर्षी पुन्हा अटक. डिसेंबर १९१८ची निवडणूक त्यांनी जिंकली ती लंडनच्या हॉलोवे तुरुंगातून. ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ त्यांना मान्य नव्हती आणि त्यांच्या शिन फेन या आयरिश स्वातंत्र्यवादी पक्षाचा वेस्टमिन्स्टरवर, म्हणजे ब्रिटिश संसदेवर, बहिष्कारच होता. तुरुंगाबाहेर असत्या तरी त्या तिथे गेल्या नसत्या.

२१ जानेवारी १९१९ला डब्लिनमध्ये शिन फेनच्या निवडून आलेल्या सदस्यांची आयरिश संसद, डॉल एरन, पहिल्यांदा भरली. हजेरीत त्यांच्या नावापुढे ‘परक्यांच्या कैदेत’ अशी नोंद झाली. डॉलच्या कामकाजात ती आजही वाचता येते. त्याच वर्षी त्या आयर्लंडच्या कामगारमंत्री झाल्या. मला तर हेच जास्त मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच मेसेजमध्ये नाही!

ब्रिटिश संसदेत प्रत्यक्ष बसलेल्या पहिल्या स्त्री नॅन्सी ॲस्टर, १ डिसेंबर १९१९.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका.