टेक्स्ट बॉक्स पळत नाही, तो परिच्छेदाला बांधलेला असतो

शनिवारी रात्री वहिनींचा फोन. "भाऊजी, शाळेच्या छापील प्रमाणपत्रांवर मुलांची नावं घालायचीत. १५ वाया गेली. ग्रुपवर आलं होतं तस्संच केलं हो मी!"

तो मेसेज मलाही दोनदा आला होता. त्याचं म्हणणं असं: वर्डमध्ये टेक्स्ट बॉक्स (मजकुराची सुटी चौकट) जागेवर राहतच नाही. म्हणून वर एंटर मारत तो खाली आणा, मग 'लॉक अँकर' करा, हलणार नाही. मिलिमीटरचं काम वर्डला जमत नाही, त्याला डीटीपीवालाच हवा. तरीही नाव सरकलं तर प्रिंटर खराब.

एंटरचा सल्ला देणाऱ्याने स्वतः एकदा तरी असं प्रमाणपत्र छापलंय का? वर्डमधला प्रत्येक तरंगता बॉक्स कुठल्या ना कुठल्या परिच्छेदाला बांधलेला असतो. ती गाठ म्हणजे अँकर, आणि रिकामी ओळ हाही वर्डच्या लेखी परिच्छेदच. नवा बॉक्स काढला की त्याचं उभं अंतर त्या परिच्छेदापासून मोजलं जातं, म्हणून एंटर मारल्यावर तो खाली सरकतो. पण मग वरचं काहीही बदललं तरी तो सरकणारच! वहिनींनी नऊ एंटर मारले होते. वरच्या ओळीचा फॉन्ट जरा मोठा केला आणि तिन्ही बॉक्स घसरले. मग जास्तीच्या रिकाम्या ओळी निवडून पुसल्या, तर इयत्तेचा बॉक्सच गायब. ज्या ओळीला तो बांधला होता तीच पुसली गेली होती. रात्री दहा वाजता त्या माउलीला वाटलं, आपल्यालाच काही येत नाही. मला राग आला तो याचा.

'लॉक अँकर'ने बॉक्स जागी खिळत नाही. गाठ दुसऱ्या परिच्छेदावर जाऊ नये, एवढंच त्याचं काम. परिच्छेद हलला की कुलूपबंद बॉक्सही त्याच्यासोबत जातो.

आता मिलिमीटरचं. वर्डच्या डॉक्स (.docx) फाइलचा आराखडा आयएसओ/आयईसी २९५०० या आंतरराष्ट्रीय मानकात (२००८) लिहिलेला आहे. त्यात बॉक्सचं अंतर ज्या एककात नोंदतात, त्याचे एका मिलिमीटरला ३६,००० भाग पडतात. याहून बारीक काय हवंय? बॉक्सच्या कडेवर राइट क्लिक करून 'मोअर लेआउट ऑप्शन्स' उघडा आणि 'पोझिशन'मध्ये जा. आडवं आणि उभं, दोन्हीकडे 'अ‍ॅब्सोल्यूट पोझिशन' घ्या, समोर 'पेज' निवडा, पट्टीने मोजलेला आकडा टाका. 'मूव्ह ऑब्जेक्ट विथ टेक्स्ट'ची खूण काढा. एक मात्र ध्यानात ठेवा: बॉक्सच्या आत डावीकडे सुमारे अडीच मिलिमीटर मोकळी जागा आधीपासून असते. ती 'फॉरमॅट शेप'मध्ये शून्य केली नाही, तर बॉक्स बरोबर बसूनही अक्षरं पुढे सरकलेली दिसतात.

मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. पानापासून मोजून बसवलेला बॉक्सही, त्याचा परिच्छेद पुढच्या पानावर गेला तर, पुढच्या पानावर जातो. तिथे अंतर तेच राहतं, पण पान बदलतं. म्हणून गाठ पानाच्या पहिल्या परिच्छेदाला ठेवा. लिब्रेऑफिस रायटरमध्ये बॉक्स थेट पानाला बांधता येतो, वर्डमध्ये ती सोय नाही.

प्रिंटर कागद ओढताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे करतो, हेही खरं. पण वहिनींची नावं बोटभर सरकली होती. फाइलचं पान 'लेटर' होतं आणि प्रमाणपत्र ए४. दोघांच्या उंचीत सुमारे साडेसतरा मिलिमीटरचा फरक आहे. पानाचा आकार ए४ करा, छापताना 'फिट टू पेज'सारखं काही चालू असेल तर बंद करा.

आणि पहिली प्रत कोऱ्या कागदावर काढा. ती प्रमाणपत्रावर ठेवून दिव्यासमोर धरली की नाव रेघेवर बसलंय की नाही, ते लगेच दिसतं. वहिनींची उरलेली प्रमाणपत्रं आम्ही अशीच छापली.