शोधकाचा रकाना कोरा

लघुग्रहांच्या अधिकृत यादीत १३६१०८ क्रमांकाची नोंद काढून बघा. नाव हौमिया, नेपच्यूनपलीकडचा एक बटुग्रह, म्हणजे प्लुटोसारखा, पूर्ण ग्रह न मानलेला छोटा गोळा. शोधाची तारीख ७ मार्च २००३. ठिकाण सिएरा नेवाडा वेधशाळा, स्पेन. आणि शोधकाचं नाव असायला हवं तिथे काहीच नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, पान अर्धवट उघडलंय. दोनदा रिफ्रेश केलं. मग कळलं की ती जागा मुद्दाम मोकळी सोडलीय, आणि तिच्यामागे खगोलशास्त्रज्ञांचं एक जोरदार भांडण आहे.

झालं असं. अमेरिकेत कॅलटेक या विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ माइक ब्राउन आणि त्यांचे सहकारी पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीतून नेपच्यूनपलीकडचं आकाश धुंडाळत होते. पद्धत साधी, पण जीव खाणारी. आकाशाच्या एकाच तुकड्याचे दीड-दीड तासाने तीन फोटो काढायचे. तारे जागच्या जागी राहतात, सूर्यमालेतलं काही असेल तर तो ठिपका किंचित सरकतो. संगणक संशयित ठिपके निवडून देतो, मग माणूस बसून एकेक तपासतो. बहुतेक वेळा काहीच नसतं. ६ मे २००४ च्या फोटोंतला एक सरकता ठिपका ब्राउन यांच्या नजरेला पडला तो थेट २८ डिसेंबरला. नाताळ नुकताच होऊन गेलेला, म्हणून आपसातलं टोपणनाव पडलं ‘सांता’.

त्यांनी ते लगेच जाहीर केलं नाही. आधी नीट अभ्यास करू, चंद्र आहेत का बघू, मग सांगू, असा विचार. जुलै २००५ मध्ये एका परिषदेसाठी त्यांच्या भाषणाचा सारांश इंटरनेटवर आला. त्यात वस्तूचा उल्लेख फक्त त्यांच्या आतल्या सांकेतिक क्रमांकाने होता, के४०५०६ए. ‘के’ म्हणजे कायपर पट्टा (नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ वस्तूंचा पट्टा), पुढचे आकडे म्हणजे फोटोची तारीख. हाच क्रमांक गूगलमध्ये टाकला की ब्राउन यांचा गट चिलीतली जी दुर्बीण वापरत होता, तिच्या नोंदवह्या उघडत होत्या. दुर्बीण कोणत्या रात्री आकाशात कुठे रोखली होती, ते सगळं त्यात होतं. कुलूप नाही, पासवर्ड नाही.

आठवडाभरात स्पेनच्या होसे लुइस ऑर्टिझ यांच्या गटाने तीच वस्तू आपल्याला २००३ च्या फोटोंत सापडल्याचं कळवलं. ब्राउन यांनी आधी त्यांचं अभिनंदनही केलं. मग नोंदवह्या कोणी उघडल्या ते तपासलं गेलं, आणि ऑर्टिझ यांच्याच संस्थेतल्या संगणकावरून, तेही अहवाल पाठवण्याआधी, त्या पाहिल्या गेल्याचं निघालं. ऑर्टिझ यांनी पाहिल्याचं मान्य केलं. म्हणणं असं की आम्हाला ठिपका आधीच सापडला होता, तीच वस्तू आहे का एवढंच पडताळून पाहिलं. आणखी काही हातचं जाईल या धास्तीने ब्राउन यांनी २९ जुलैला घाईघाईत आणखी दोन वस्तू जाहीर करून टाकल्या. त्याच आजच्या एरिस आणि माकेमाके. एकाच दिवशी दोन, आणि त्यातली एरिस प्लुटोइतकी मोठी! एरवी असली बातमी माणूस महिनोन्महिने सजवून सांगतो.

खरं सांगायचं तर हे वाचल्यावर मी पूर्ण ब्राउन यांच्या बाजूने होतो. चोरी ती चोरी. आता तितका खात्रीने बोलत नाही. उघड्यावर ठेवलेली वही वाचणं ही चोरी नव्हे. वाचली हे अहवालात न लिहिणं, हा मात्र दोष आहे, आणि माझ्या लेखी तो लहान नाही. दुसरीकडे, सहा-सात महिने शोध पोटात ठेवायचा आणि दुसऱ्याने तोंड उघडलं की दचकायचं, हेही काही खरं नाही. शोधाचा मान जो आधी रीतसर कळवतो त्याला, हा नियम काही त्या दिवशी निघाला नव्हता.

गंमत म्हणजे जुन्या फोटोंत शोधाशोध केली तेव्हा हा ठिपका पालोमारच्या १९५५ च्या प्लेटवरही (काचेवर घेतलेल्या जुन्या फोटोवर) सापडला. म्हणजे पन्नास वर्षं तो कपाटात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. मग फोटोची तारीख ही शोधाची तारीख कशी? अमेरिकन फोटो २००४ चा, स्पॅनिश २००३ चा, पालोमारची प्लेट १९५५ ची. फोटो काढणं वेगळं, त्यातला ठिपका ओळखणं वेगळं. यादीत मात्र ७ मार्च २००३ हीच तारीख छापलीय, त्या रात्री कोणालाच काही कळलेलं नसताना.

नावाचाही असाच घोळ. स्पॅनिश गटाने अताएसिना या प्राचीन इबेरियन देवीचं नाव सुचवलं होतं. सप्टेंबर २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने बटुग्रह म्हणून मान्यता देताना अमेरिकन गटाचं नाव स्वीकारलं, हौमिया, हवाई बेटांवरची प्रसूतीची देवी. गाव एकाचं, नाव दुसऱ्याचं, आणि बापाच्या नावाची जागा रिकामी. ही मुत्सद्देगिरी मला पटत नाही. दोन्ही गटांची नावं लिहायची होती, हवी तर खाली तळटीप द्यायची होती.

पण नाव मात्र काय अचूक बसलंय! दंतकथेत हौमियाची मुलं तिच्या शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून जन्मतात. आणि हा बटुग्रह (बटु म्हटलं की मला वामनच आठवतो) कोणे एके काळी जबर टक्कर बसून फुटलेला. त्याचे बर्फाचे तुकडे आजही त्याच्यासारख्याच कक्षांत फिरतात, त्याचे दोन चंद्रही बहुधा त्याच टकरीतून निघालेले. देवीच्या दोन मुलींची नावं त्यांना दिली, हिइआका आणि नामाका. स्वारी स्वतः चार तासांच्या आत एक गिरकी घेते, त्यामुळे गोल न राहता लांबुडकी झालीय. एका दिशेला सुमारे २३०० किलोमीटर, दुसऱ्या दिशेला त्याच्या निम्म्याहूनही कमी. ‘सांता’ला यातलं काय माहीत होतं? टकरीतून निघालेलं हे कुटुंब ओळखलं गेलं २००७ मध्ये. भांडणात तीन वर्षं गेली म्हणून बरं, नाहीतर कुठलं तरी घाईचं नाव चिकटलं असतं.

आणि ऑर्टिझ? २१ जानेवारी २०१७ ला हौमिया एका ताऱ्यासमोरून गेला. त्या पिधानाची, म्हणजे तारा झाकला जाण्याची, वेळ साधून युरोपातल्या दहा वेधशाळांतून निरीक्षणं झाली. तारा झाकला जाण्याच्या थोडं आधी आणि थोडं नंतर त्याचा प्रकाश क्षणभर मंदावला, म्हणजे हौमियाभोवती कडं आहे. नेपच्यूनपलीकडच्या एखाद्या वस्तूभोवती कडं सापडण्याची ती पहिलीच वेळ. त्या गटाचे प्रमुख ऑर्टिझच होते. त्या शोधनिबंधावर त्यांचं नाव सगळ्यात आधी आहे.